तुमचाच येनार!

माझं माहेर कामठ्याचं आणि सासर दवनीवाड्याचं. दोन्हीकडे धानाची शेती, दोन्हीकडे सारखंच ऊन, वांग्याची भाजीही जवळपास सारखीच. फरक एकच. माझे वडील एका पक्षाचे आणि सासरे दुसऱ्या पक्षाचे. नुसतं मत देऊन घरी येणारे नव्हेत, सभा असली की तासभर आधी जाऊन सतरंजीवर पुढची जागा धरणारे. लग्न जमवताना ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नाही, कारण तेव्हा निवडणूक नव्हती.

ध्यानात आली ती लग्नाच्या मांडवात. दोघांनीही आपापले पुढारी बोलावले होते. आता काय होतं ते पाहायला वाढपीही थांबले. पण ते दोन पुढारी एकमेकांना कडकडून भेटले, शेजारी शेजारी बसून जेवले, एकाने दुसऱ्याच्या पानात बुंदी वाढली आणि जाताना एकाच गाडीतून गेले. माझे वडील आणि सासरे मात्र फोटोत शेजारी उभे असूनही एक मांडवाच्या या खांबाकडे पाहतोय आणि दुसरा त्या. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. हे दोघे इवाई एकमेकांशी पाऊस, धान, खत आणि गुडघेदुखी यांवर तासन्‌तास बोलायचे. निवडणूक लागली की गुडघेदुखीवर थांबायचे.

मी सांगते आहे ती मोठ्या निवडणुकीची गोष्ट. मतदान ऐन उन्हाळ्यात होऊन गेलं होतं. मग कितीतरी आठवडे काहीच नाही. मशिनी कुठेतरी कुलपात आणि सगळा देश पंख्याखाली. निकालाच्या दोन-तीन दिवस आधी, एका संध्याकाळी, टीव्हीवर अंदाज येणार होते.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुपारपासूनच तयारी केली. कूलरमध्ये पाणी भरून घेतलं. टीव्ही पुसला. आमचा टीव्ही मोठा, म्हणून गल्लीतले चार-सहा जण आले. मी चहा ठेवला. हिंदी चॅनेलवरचा माणूस एवढ्या जोरात ओरडत होता की कूलरचा आवाज बारीक वाटावा. त्याने काउंटडाउन केलं, ढोल वाजले, आणि आकडे आले.

मामाजींचा पक्ष सपाटून मागे होता.

मामाजींनी रिमोट उचलला. "हा चॅनेल त्यायचाच आहे," म्हणाले आणि दुसरा लावला. दुसऱ्यावर आणखी वाईट. तिसऱ्यावर त्याहून. चौथ्यावर एक बाई आमच्या भागाचा नकाशा दाखवत होती आणि नेमका आमचाच मतदारसंघ तिकडच्या रंगात रंगवलेला होता. मामाजी थोडा वेळ त्या नकाशाकडे पाहत राहिले. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जाय, स्लॅबवर जाऊन डिशची छत्री फिरवून पाय."

"बाबूजी, छत्री फिरवली तं चित्र बदलते. आकडे नाई बदलत."

"तू फिरव तं खरा. काल वारा सुटला होता. सरकली असन."

हे शिडीने वर गेले. वरून आवाज आला, "आता?"

टीव्हीवरची बाई चौकोन चौकोन झाली, गायब झाली, पुन्हा आली. तेवढ्यात चॅनेलवाल्यांचे नवे आकडे आले होते. मामाजी अंगणात धावले. "अगा, जागा अजून कमी झाल्या! मागं घे, मागं घे!"

"कितीक मागं?"

"पयले होती तितकी!"

गल्लीतली मंडळी चहा अर्धा टाकून निघाली. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि मामाजी वयाने मोठे. शेवटी मामाजींनी टीव्ही बंद केला, त्याच्यावर टॉवेल टाकला आणि जाहीर केलं, "खराब झाला. निकाल लागेपर्यंत कोनी लावाचा नाई."

तेवढ्यात माझा फोन वाजला. कामठ्याहून माझे वडील. मी फोन घेऊन मागच्या दारी गेले, कारण आता ते आनंदाने ओरडणार आणि ते पुढच्या खोलीपर्यंत ऐकू जाणार असं मला वाटलं. पण ते कुजबुजत होते.

"तुह्या सासऱ्यानं पाहिलं काय?"

"पाहिलं. बाबा, तुमचं अभिनंदन."

"चूप!" ते एवढ्या घाईने म्हणाले की मी दचकले. "असं बोलू नोको. मागच्या खेपेलेही टीव्हीवाले असेच बोलले होते. मी गुलाल उधळला, डफडेवाला बोलावला, अन् मंग काय झालं? गुलाल धुवाले आठ दिस लागले. या खेपेले मी काईच नाई पाहिलं. टीव्हीचा वायरच काढून ठेवला."

म्हणजे हरणाऱ्याने टीव्हीवर टॉवेल टाकला होता आणि जिंकणाऱ्याने वायर काढली होती. देशात एवढं मोठं काय चाललं होतं ते माझ्या दोन्ही घरांत कोणीच पाहत नव्हतं.

सकाळी मामाजी चहाच्या टपरीवर गेले नाहीत. रोज जातात. त्या दिवशी ते शेताच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, लांबचा फेरा मारून आले, कारण टपरीवर तिकडचे लोक बसतात. फेऱ्यात त्यांना एक विचार सुचला असावा. घरी आले तेव्हा चेहरा उजळला होता.

"मले कोनी इचारलं, कोनाले मत देलं म्हनून?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, मामाजी."

"तुले इचारलं?"

"नाही."

"गावात कोनाले इचारलं? कोनालेच नाई. मंग हे इचारून राहिले कोनाले? मीच इचारतो आता."

आणि सायकल काढून गावात निघाले. सगळ्यांत आधी गेले न्हाव्याकडे, दाढीही करायची होती. परत आले ते म्हणाले, "तो आपला आहे. त्याच्या हातात वस्तरा अन् मान माही. त्याले भेवाचं काय काम? खरंच बोलला असन."

हे म्हणाले, "बाबूजी, वस्तरा त्याच्या हातात आहे, पन पैसे तुमच्या खिशात आहेत ना."

मामाजींनी ते ऐकलं नाही. मग ज्यांना नांगरणीला आमचा ट्रॅक्टर लागतो त्या घरांत गेले. सगळे आपले निघाले. ज्यांच्या पोराचं लग्न मामाजींनी जमवलं होतं ते आपले. टपरीवाला, ज्याच्या टपरीवर तिकडच्या पक्षाचा झेंडा बांधलेला होता, तोही म्हणाला, "काका, झेंडा सावलीसाठी बांधला. मत तुमालेच." दुपारपर्यंत मामाजींच्या हिशेबाने आमच्या गावात तिकडच्या उमेदवाराला एकही मत पडलेलं नव्हतं. ते घामाने निथळत, पण एखाद्या नवरदेवासारखे घरात आले आणि पाण्याचा तांब्या एका दमात संपवला.

सासूबाई लोणच्यासाठी कैऱ्या फोडत बसल्या होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"साऱ्या गावाले इचारलं, मले काऊन नाई इचारलं?"

"तुले काय इचाराचं? तू घरची."

"इचारून तं पाहा."

मामाजी हसले. "बरं. कोनाले देलं?"

"नाई सांगत," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची कैरी घेतली.

मामाजींना आधी ती गंमत वाटली. मग वाटेना. "म्हंजे काय? आपल्यालेच ना?"

"बूथवरचे मास्तर म्हनले, मत गुप्त असते. मी लक्षात ठेवलं."

"अवं, पन नवऱ्याले सांगाले काय होते?"

"मास्तरनं नवऱ्याचं वेगळं काई सांगितलं नाई."

त्या दुपारी मामाजींनी काय काय करून पाहिलं! आधी रागावले. मग कैऱ्या फोडू लागले. आजवर त्यांनी कधी अडकित्त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू बाईमानूस, तू इचार." मी विचारलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तू कोनाले देलं ते सांग, मंग मी सांगतो." मी खाली पडलेल्या कोयी गोळा करू लागले. त्यावर त्या माझ्याकडे पाहून अशा हसल्या की मीच उठून गेले.

चहाच्या वेळी मामाजी खाटेवर आडवे होते. "हारलो आपन," ते छताकडे पाहून म्हणाले. "घरातल्या मताचा भरोसा नाई, गावाच्या मताचा काय धराचा?"

अंदाज वाईट आला तर माणसाने काय करावं, हे कोणी शिकवत नाही. उमेदवाराला निदान बाईट द्यावी लागते, प्रवक्त्याला भांडावं लागतं. साध्या समर्थकाला कामच नसतं. मत देऊन झालं, मशीन कुलपात, ओरडलं तरी आतलं काही हलत नाही. मामाजींसारख्या सदा उद्योगी माणसाला हे रिकामपण सोसवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चाल, तुले माहेरी नेतो."

"कशाला, मामाजी?"

"तुह्या बापाचं अभिनंदन कराले. उद्या निकाल लागला की तो मले फोन करन अन् गोड गोड बोलन. त्याच्याआधी आपनच जाऊन बोलाचं. त्याले हसाची संधीच नाई द्याची."

मला ते पटलंही आणि भीतीही वाटली. आम्ही मोटरसायकलवर निघालो. वाटेत गोंदियात मिठाईच्या दुकानासमोर त्यांनी गाडी थांबवली. दुकानदाराने पेढे तोलता तोलता विचारलं, "काका, किस खुशी में?"

"हारने की खुशी में," मामाजी म्हणाले. दुकानदाराने एक पेढा वरून जास्त टाकला.

कामठ्याला पोचलो तेव्हा माझे वडील घरापुढच्या छपरीत खाटेवर बसून दोरी वळत होते. आम्हाला पाहून उठले, पाणी दिलं, पाऊस, खत, गुडघे सगळं झालं. मग मामाजींनी पिशवीतून डबा काढला, दोन्ही हातांनी पुढे केला आणि घसा खाकरून म्हणाले, "इवाई, तोंड गोड करा. तुमचा उमेदवार निवडून आला."

वडिलांचा चेहरा पांढरा पडला. ते खाटेवरून उठून चक्क मागे सरले. "काय बोलून राहिले, इवाई? निकाल उद्या आहे!"

"टीव्हीनं सांगितला ना."

"टीव्ही खोटा आहे!"

"खोटा कायले असन? चार चॅनेल पाहिले मी. तुमचाच येनार!"

"नाई, नाई. तुमचाच येनार!" माझे वडील हात जोडून म्हणाले. "साऱ्या गावात तुमचीच हवा आहे. आमच्या मानसाले कोन इचारते?"

"असं कसं? लय काम केलं त्यानं," मामाजी म्हणाले. ज्या माणसाला गेले कित्येक महिने ते चोर म्हणत होते त्याच्याबद्दल. "रस्ता केला. पूल केला."

"कोनता पूल? तो तं तुमच्या मानसानं केला!"

"उगाच काई बोलू नोका. तुमच्यानंच केला!"

आवाज वाढत गेले. मामाजींनी एक पेढा उचलला आणि वडिलांच्या तोंडाशी नेला. वडिलांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली. मामाजी खाटेच्या या बाजूने गेले, वडील त्या बाजूने. साठी ओलांडलेले दोन गृहस्थ, दोघांचेही गुडघे दुखणारे, खाटेभोवती फेऱ्या मारत होते. एक पेढा घेऊन आणि दुसरा तोंडावर हात ठेवून. मी मध्ये पडायचं ठरवलं, पण कोणाच्या बाजूने पडायचं ते कळेना. मी माहेरची म्हणून वडिलांना वाचवावं, तर ते स्वतःच्याच विजयापासून पळत होते.

"खा म्हनतो ना!"

"निकालाआधी नाई खात! नजर लावाले आले काय तुमी?"

"मी? मी मोठ्या मनानं आलो!"

कुंपणापाशी गाव जमलं होतं. शेवटी खाटेच्या कोपऱ्यावर वडिलांचा पाय अडकला, ते धप्पकन बसले, "अरे बापा" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि पेढा आत गेला. नेमका तेव्हाच कुंपणावरून कोणीतरी फोटो काढला.

फोटो आमच्याआधी दवनीवाड्याला पोचला. परत येताना गोंदियाच्या बाहेर चहाला थांबलो तर माझ्या फोनवर तो आलेला. माझे वडील, माझे सासरे, मध्ये पेढा, आणि खाली कोणीतरी लिहिलं होतं: ज्येष्ठ कार्यकर्त्याचा जाहीर पक्षप्रवेश. मामाजींनी तो हात लांब धरून पाहिला. "फोटो बरा आला," एवढंच म्हणाले. ओळ त्यांनी चष्म्याशिवाय वाचलीच नव्हती.

घरी पोचलो तर अंगणात चपलाच चपला. उजवीकडे तिकडच्या पक्षाची माणसं, हातात गळ्यात घालायचा दुपट्टा आणि हार. डावीकडे मामाजींच्या स्वतःच्या पक्षाची माणसं, त्यांना जाऊ न देण्यासाठी आलेली. सासूबाईंनी दोन्हीकडे चहा दिला होता आणि त्या आत जाऊन लोणच्याला मसाला लावत बसल्या होत्या.

मामाजींच्या पक्षाचा तालुक्याचा माणूस पुढे आला. आजवर तो आमच्या दारासमोरून गाडीची काच वर करून गेलेलाच मला माहीत. त्याने वाकून मामाजींच्या पायाला हात लावला. "काका, आपली नाराजी काय आहे ते सांगा. घरातली गोष्ट घरात मिटवू."

मामाजींची काही नाराजी नव्हती. पण एवढी माणसं आपल्या तोंडाकडे पाहत आहेत असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "दारासमोरच्या खांबावर लाइट नाई. लय दिवसापासून."

"एवढंच?" तो माणूस म्हणाला.

"एवढंच!" पलीकडून दुपट्टेवाले म्हणाले. "काका, आम्ही लावून देतो!"

मग खांबाखाली दोन्ही पक्षांची शिडीवरून झटापट झाली. एकाने शिडी आणली, दुसऱ्याने दिवा आणला, शिडीवाले दिवा घेईनात आणि दिवेवाले शिडीवर चढेनात. शेवटी आमच्या यांनीच शिडी आणि दिवा दोन्ही घेतलं, वर चढले आणि दिवा लावून आले. अंधार पडला तेव्हा खूप दिवसांनी आमच्या दारात उजेड होता, आणि त्या उजेडात मामाजी लोकांना समजावून सांगत होते की आपण कुठेही गेलेलो नाही, आपण फक्त इवायाकडे गेलो होतो. ते कोणाला पटलं नाही. दुपट्टेवाले हार खुर्चीवर ठेवून गेले. तो आमच्या बैलाने खाल्ला.

निकालाच्या दिवशी मामाजींनी टीव्हीवरचा टॉवेल काढला नाही. निकाल माझा नवरा आणि मी फोनवर पाहत होतो. देशाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मतदारसंघात सकाळी तिकडचा पुढे, दुपारी आमचा पुढे, मग पुन्हा तिकडचा. दर थोड्या वेळाने कामठ्याहून फोन यायचा. "आकडे सांगू नोको, आमचा पुढं आहे का, हो की नाई एवढंच बोल," वडील म्हणायचे. मी 'नाही' म्हटलं की ते सुटकेचा श्वास टाकायचे आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की हे तर वाईट झालं.

संध्याकाळी, शेवटच्या फेरीत, मामाजींचा उमेदवार निवडून आला. नकाशावरच्या बाईने रंगवलेला रंग चुकला होता.

हे उड्या मारत बाहेर गेले. गल्लीत फटाके वाजले. मामाजी मात्र तसेच बसून राहिले. मी त्यांना म्हटलं, "मामाजी, जिंकलो ना आपण."

"हो," ते म्हणाले. "पन आता इवायाले काय तोंड दाखवू? मी तं त्याले पेढा चारून आलो."

त्यांनी स्वतःच फोन लावला आणि स्पीकर सुरू करून समोर ठेवला. पलीकडून वडिलांचा आवाज आला. मला वाटलं रडवेला असेल. तो चांगला खणखणीत होता.

"का वो इवाई! मी काय सांगितलं होतं? तुमचाच येनार म्हनून! साऱ्या गावासमोर सांगितलं का नाई?"

मामाजींनी स्पीकरचा आवाज कमी करून पाहिला.

"अन् तुमी काय म्हनत होते? टीव्ही खरा आहे! चार चॅनेल पाहिले! आता बोला, कोनाचा अंदाज खरा झाला?"

"तुमचा," मामाजी म्हणाले.

"जोरात बोला. इथं मानसं बसली आहेत."

"तुमचा खरा झाला, इवाई!"

पलीकडे टाळ्या वाजल्या. वडिलांनी मोठेपणाने अभिनंदन केलं, गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. मामाजींनी फोन उचलून खिशात टाकला. बाहेर त्यांच्याच पक्षाची मिरवणूक दारावरून चालली होती आणि लोक त्यांना हाका मारत होते.

"निवडनूक मी जिकलो ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो, मामाजी."

"मंग मले हारल्यासारखं काऊन वाटून राहिलं?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मिरवनुकीत जाऊन या. उपाशी पोटी असंच वाटते. आल्यावर आमरस वाढतो."

मामाजी उठले, पांढरा शर्ट घातला, आणि चप्पल शोधू लागले.